लॉ कॉलेजच्या इंटरनेट-हक्क क्लिनिकमध्ये नेमकं काम काय असतं? कोडिंग येत नसेल तर जॉईन करावं का?

करा, नक्की करा. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वर्षाला आहात, टेक्निकल बॅकग्राउंड नाही म्हणून धाकधूक वाटतेय. मी पुण्यात शिकत असताना दोन वर्षं अशा क्लिनिकमध्ये (म्हणजे जिथे कॉलेजचे विद्यार्थी लोकांना ऑनलाइन अडचणींत कायद्याची मदत करतात) होते, आता वकिली करते, आणि त्या दोन वर्षांत कोडची एक ओळ लिहायची वेळ आली नाही. कागद मात्र खूप लिहिले.

पहिल्याच महिन्यात एक काका आले, वडापावची गाडी होती त्यांची. बँकेचं अख्खं खातं गोठवलेलं, का तर कुणीतरी क्यूआर स्कॅन करून ८० रुपये दिले होते आणि ते पैसे फ्रॉडच्या साखळीतून फिरत आले होते, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा बँकेला मेल आला आणि बँकेने सगळंच बंद करून टाकलं. बेकरीवाल्याचे पैसे थकले, सिलिंडर उधारीवर. बँक म्हणते पोलिसांकडे जा, आणि ते पोलीस स्टेशन हजारेक किलोमीटरवर. आम्ही काय केलं तर पत्रं लिहिली: कुठल्या गुन्ह्यात खातं गोठवलंय ते सांगा, तेव्हाच्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १०२ प्रमाणे मॅजिस्ट्रेटला कळवलंय का ते सांगा (आता ते बीएनएसएस या नव्या कायद्याचं कलम १०६ झालंय), आणि वादातल्या ८० रुपयांवर होल्ड ठेवून बाकीचं खातं मोकळं करा. सात आठवडे लागले पण खातं सुटलं. हा इंटरनेट हक्कच आहे, माझ्या मते तर सगळ्यात रोजचा.

विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, सनद लागते, आणि पगारी पूर्णवेळ प्राध्यापकांनाही वकिली करता येत नाही. म्हणून पॅनेलवरचे वकील असतात, ते केस चालवतात. तुमच्याकडे येतं ते त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे माणसाचं ऐकून घेणं, तारखा लावणं, अर्जांचे ड्राफ्ट, आणि मुख्य म्हणजे पुरावा.

पुराव्याचं जरा सविस्तर सांगते. एक ताई आल्या होत्या, त्यांच्या नावाने कुणीतरी फेक अकाउंट काढून नातेवाइकांना घाणेरडे मेसेज आणि फोटो पाठवत होतं. त्यांनी किळस येऊन स्वतःच्या फोनमधलं सगळं डिलीट केलेलं. भावाने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, पण बहिणीची लाज राखायची म्हणून क्रॉप करून, आणि त्यात नेमकी तारीख आणि पाठवणाऱ्याचं अकाउंट कापलं गेलं होतं. दोन तास त्यांच्याबरोबर बसून कुणाकुणाला मेसेज गेले त्याची यादी केली, तेव्हा कळलं की त्यांच्या मावशींच्या फोनमध्ये सगळं जसंच्या तसं आहे, मावशी कधी काही डिलीटच करत नाहीत. मग मावशींना समजावणं आलं, की हे मेसेज कुठल्या फोनमधून कसे घेतले ते लिहून देणारं प्रमाणपत्र कोर्टाला लागतं, आणि फोन तुमच्या ताब्यात आहे म्हणून त्यावर सही तुमचीच लागणार.

हे प्रमाणपत्र म्हणजे तेव्हा एव्हिडन्स ॲक्टचं कलम ६५ब, आणि त्यावरची मोठी केस आपल्या जालन्याची आहे. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, म्हणणं असं की खोतकरांनी उमेदवारी अर्ज दिला तेव्हा दुपारी ३ ची वेळ उलटून गेली होती. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ शूटिंग. सीडी मिळाल्या, प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ ला निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला ते कायम ठेवलं, पण सोबत सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, आणि समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट त्याला द्यायला लावेल. जॉईन करायच्या आधी हा निकाल वाचाच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, एक अक्षर बदललं की ठसा बदलतो. एवढं टेक्निकल एका दुपारी शिकून होतं.

विद्यार्थी मोठं काही करू शकतात का, असंही विचारलंय तुम्ही. ओटावा विद्यापीठाच्या सिपिक क्लिनिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये फेसबुकविरुद्ध कॅनडाच्या प्रायव्हसी कमिशनरकडे तक्रार केली, २४ आरोप होते, आणि २००९ ला बाहेरच्या ॲप्सना जाणाऱ्या माहितीबाबत कंपनीला बदल मान्य करावे लागले. त्यासाठी कुणी काही हॅक केलं नव्हतं, साइटचे नियम आणि सेटिंग्ज बारकाईने वाचून एकेक मुद्दा मांडला होता. आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र जॉईन करताना विचारून घ्या: परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यांत केसेस कोण बघतं? आमच्याकडे कुणीच नसायचं. त्या ताईंचं फेक अकाउंट बंद झालं आणि मे महिन्यात दुसऱ्या नावाने परत आलं, त्यांनी क्लिनिकच्या नंबरवर चार दिवस फोन केला, आणि तो फोन कॉलेजच्या कुलूपबंद खोलीत वाजत होता. जूनमध्ये कॉल लिस्ट बघितली तेव्हा आम्हाला कळलं.