डायलिसिस लावलं की बाबांना थंडी वाजते, पाण्यामुळे असेल का?

प्रश्न : बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, हातात फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) आहे. गेल्या महिन्यात तीनदा असं झालं की मशीन लावून तास होतो न होतो तोच हुडहुडी भरली, ताप चढला, बीपी खाली गेलं आणि रात्री घरी आल्यावर एकदम ठीक. सेंटरमध्ये विचारलं तर तिथले लोक म्हणाले, होतं असं कधीकधी. एकदा शेजारच्या बेडवरच्या काकूंनाही त्याच वेळी थंडी वाजत होती. काय समजायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, काकूंचं लिहिलंत ते फार बरं केलंत. एकट्या बाबांना झालं असतं तर आधी फिस्टुला, छाती, लघवीचं इन्फेक्शन शोधलं असतं, तेही शोधायचंच आहे, पण एकाच शिफ्टला दोघांना म्हटल्यावर पाणी तपासायलाच हवं.

मिनिटाला साधारण 500 मिली द्रव मशीनमधून जातो, तो मुख्यतः पाण्याचाच बनवलेला असतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर, आणि त्याच्या आणि बाबांच्या रक्ताच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रक्तपेशी फोडतो म्हणून तो कार्बन फिल्टरने काढतात, ते बरोबरच आहे, पण त्यानंतर पाण्याला राखणदारच उरत नाही. मग आरओनंतरच्या टाकीत, पाइपच्या ज्या कोपऱ्यात पाणी तुंबून राहतं तिथे जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. अख्खा जंतू सहसा पडद्यातून जात नाही, पण मेलेल्या जंतूंचे तुकडे, एंडोटॉक्सिन, जातात आणि थंडी-ताप येतो, मशीन काढलं की उतरतो. पार्ट बीचा कॅन पण बघा (हा द्रव बनवायला पाण्यात पार्ट ए आणि पार्ट बी अशी दोन मिश्रणं घालतात), त्यात बायकार्बोनेट असतं आणि त्यात जंतू मस्त वाढतात (पार्ट ए आम्लाचा, त्यात नाही वाढत). तो रोज ताजा करायचा, कालचा उरलेला ओतून द्यायचा, कॅन धुऊन कोरडा करायचा.

"होतं असं" हे मला अजिबात पटत नाही. 1996 साली ब्राझीलच्या कारुआरूमध्ये पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष डायलिसिसमधून रक्तात गेलं आणि 52 पेशंट दगावले. तुमच्याकडे तसं झालंय असं म्हणत नाहीये, घाबरू नका, पण पाण्याकडे दुर्लक्ष केलं तर गोष्ट कुठवर जाते ते कळावं म्हणून सांगितलं.

पुढच्या वेळी थंडी सुरू झाली की नुसतं ब्लँकेट टाकून बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा आणि अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घ्यायला सांगा. मशीनचा नंबर, वेळ लिहून ठेवा. मग पाण्याचा महिन्याचा रिपोर्ट मागा, जंतू मिलीला 100 सीएफयूच्या (जिवंत जंतू मोजायचं एकक) आत हवेत आणि एंडोटॉक्सिन मिलीला 0.25 युनिटच्या आत, पण जंतू 50 च्या वर गेले की तेव्हाच पाइपलाइन निर्जंतुक करायला घेतात, 100 ची वाट बघत नाहीत. सॅम्पल टाकीतून घेतलं की मशीनजवळच्या टोकाला तेही विचारा. डायलिसिस मात्र स्वतःच्या मनाने अजिबात चुकवू नका, बाबांना ते जास्त महागात पडेल. आणि काकूंच्या घरच्यांनाही सोबत घ्या, दोन घरं मिळून विचारायला गेली की "होतं असं" म्हणून परत पाठवणं अवघड जातं.