शाळेच्या भिंतीवर लेझर मारला की बारीक दाणे चमकतात, ते कमी-जास्त करता येतात का?

हो, येतात, दाण्यांचा आकारही बदलतो आणि उठावही (म्हणजे उजळ आणि अंधाऱ्या जागांतला फरक), आणि दोन्ही झेडपीच्या शाळेत जमतं. या दाण्यांना 'स्पेकल' म्हणतात. खडबडीत भिंतीवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, कुठे भर पडते, कुठे काट बसते. आकाराचा हिशेब असा: तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले ठिपक्याची रुंदी. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरने, भिंतीऐवजी तशाच खडबडीत ट्रेसिंग पेपरवर २ मिलिमीटरचा ठिपका पडला, तर पलीकडे २ मीटरवर धरलेल्या कागदावर दाणा साधारण ०.६५ मिलिमीटरचा, म्हणजे रव्याएवढा. ठिपका दुप्पट रुंद केला की दाणा निम्मा. उठाव घालवायचा तर तोच पेपर खेळण्यातल्या मोटरीवर चकतीसारखा फिरवा. डोळ्याला एका क्षणात दाण्यांच्या १०० वेगवेगळ्या नक्ष्या मिळून दिसल्या, तर उठाव वर्गमुळाच्या हिशेबाने दहावा हिस्सा उरतो. यवतमाळकडच्या आमच्या शाळेत लाइट गेली की अंधाऱ्या वर्गात मी सेलवर हेच पोरांना दाखवतो. चकतीने वेग घेतला की कागदावरचा तांबडा उजेड सायीसारखा सपाट होतो, आणि पोरं चकती पुन्हा थांबवायला लावतात. मात्र उजेड-अंधाराची वाटणीच बदलायची (एरवी नक्षीत अंधाऱ्या जागाच सर्वांत जास्त असतात) तर हे सामान पुरत नाही. येल विद्यापीठातल्या ब्रॉमबर्ग आणि चाओ यांनी २०१४ मध्ये ते करून दाखवलं, पण त्यासाठी लहरींची कला (म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) बदलणारं, संगणकावर चालणारं उपकरण लागलं. लेझर कोणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं सांभाळा.