घरी बिअर करायची पहिली बॅच आहे ना, मग एवढंच बघ

अरे मस्त, कर सुरू! एक्स्ट्रॅक्ट किटवर (म्हणजे माल्टचा तयार अर्क असतो त्यावर) साधी एल कर, खोलीच्या तापमानाला होणारी बिअर, लागर प्रकार नको, तिला थंडीही लागते आणि वेळही.

- वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) उकळून गार झाला की त्याला जे जे टेकणार ते सगळं नो-रिन्स, म्हणजे नंतर धुवावं न लागणाऱ्या सॅनिटायझरमधून काढ, नळी, झाकण, चमचासुद्धा, फेस राहिला तर राहू दे.
- यीस्ट २० डिग्री सेल्सिअसच्या आसपास टाक.
- एअरलॉकची (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीची) बुडबुड थांबली की लोक लगेच बाटल्या भरतात, तिथेच घोळ होतो, हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग दोन-तीन दिवस जैसे थे राहिलं तरच भर, नाहीतर आत गॅस होत राहून बाटल्या फुटतात, खरंच काचा उडतात.

सारखं झाकण उघडू नकोस बाबा. ऑल-ग्रेनचं, म्हणजे अर्काऐवजी थेट धान्यापासून करायचं, ते नंतर बघू. आणि इथे अमेरिकेत चालतं म्हणून पुण्यातल्या भावाला शिकवू नकोस, तिकडे परवाना लागतो.