जुन्या एमएक्स-५ ला नव्या मॉडेलची वापरलेली चाके: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: माझ्याकडे १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनाची. अजूनही मूळच्या १४ इंची चाकांवर चालते. २०१७ च्या एमएक्स-५ वरून काढलेली १६ इंची चार अलॉय चाके टायरांसकट स्वस्तात मिळत आहेत. विकणारा म्हणतो की भोके जुळतात, काढायची आणि लावायची, बाकी काही बघायचे नाही. घ्यावीत का?
*– एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)*

उत्तर: चाके जरूर घ्या. त्यांच्यावरचे टायर मात्र जुन्या गाडीला लावू नका.

भोके जुळतात हे खरे आहे. पहिल्या पिढीची (एनए, १९८९ ते १९९७) आणि चौथ्या पिढीची (एनडी, २०१५ पासून) एमएक्स-५ या दोन्हींना चार नट आहेत. त्यांचा पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १०० मिमी आहे. मधले भोक ५४.१ मिमीचे, म्हणजे चाक हबवर नेमके मध्यावर बसते, वेगळी रिंग लागत नाही. स्टडचा आटा एम१२ × १.५ (१२ मिमी जाड, दर फेऱ्याला दीड मिमी) आणि नटाची बैठक ६० अंशांच्या शंकूची आहे. त्यामुळे तुमचे मूळ नट चांगले असतील तर तेच चालतील. २०१६ नंतरची फियाट १२४ स्पायडर एनडीच्याच सांगाड्यावर बनलेली असल्याने तिची चाकेही अशीच बसतात. शोधताना तीही डोळ्यांखालून घाला, कधी कधी ती स्वस्त पडतात.

आता ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या चेहऱ्यापर्यंतचे अंतर. तुमचे मूळ चाक १४ × ५.५ इंच, ऑफसेट ४५ मिमी. एनडीचे १६ × ६.५ इंच, ऑफसेट तेवढाच. रुंदी एक इंचाने वाढली आणि ऑफसेट बदलला नाही, म्हणून वाढ दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते: १२.७ मिमी आत, १२.७ मिमी बाहेर. आत सस्पेन्शनच्या बाजूला एवढी जागा असते, बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंतही असते. १.६ च्या पुढच्या डिस्क २३५ मिमीच्या असल्याने ब्रेकचा कॅलिपर चाकाला अडण्याचा प्रश्नच येत नाही.

घोळ आहे तो टायरच्या उंचीत. तुमचा मूळ टायर १८५/६० आर१४ (रुंदी १८५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची), त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ५७८ मिमी. एनडीवरचा १९५/५० आर१६ भरतो ६०१ मिमी, म्हणजे ४ टक्क्यांहून थोडा जास्त. यातून तीन गोष्टी बिघडतात. पहिली, स्पीडोमीटर. एनएमध्ये तो गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलवर चालतो, त्याला चाकाची उंची कळत नाही. टायर मोठा झाला की तो आधीपेक्षा कमी वेग दाखवतो, आणि वेग कमी दाखवणारा काटा कायद्यालाही चालत नाही. दुसरी, गिअरिंग. तुमच्या गाडीचा फायनल ड्राइव्ह (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचे गुणोत्तर) ४.३ चा असेल, तर मोठ्या टायरमुळे तो जणू ४.१३ चा होतो. या इंजिनात ताकद बेताचीच, तिच्यातला चपळपणा या छोट्या गिअरिंगवरच उभा आहे. तो घालवून चाके चढवण्यात काय अर्थ? तिसरी, गाडी १२ मिमी वर उचलली जाते आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर आतल्या प्लॅस्टिक लायनरला घासू शकतो.

म्हणून १९५/४५ आर१६ मापाचे टायर घाला. त्यांचा व्यास ५८२ मिमी, म्हणजे फरक एका टक्क्याहूनही कमी, आणि साडेसहा इंची रिमला हे माप अगदी योग्य. २०५/४५ आर१६ (५९१ मिमी) जास्त सहज मिळतो आणि चालतोही, पण आमची पसंती पहिल्याला. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) मूळ टायरच्या ८२ पेक्षा कमी नको. १९५/४५ आर१६ हे माप ८० आणि ८४ अशा दोन्ही इंडेक्समध्ये येते, तुम्ही ८४ चा, एक्सएल (जास्त भाराचा) लिहिलेला घ्या. मूळ टायरसाठी कंपनी २६ पीएसआय हवा सांगते. कमी उंचीच्या या टायरात २८ पासून सुरुवात करा आणि ट्रेड मध्ये झिजतो की कडांना, ते पाहून एक-दोन पीएसआयने कमीजास्त करा.

एनडीची १७ इंची चाकेही (१७ × ७, ऑफसेट ४५) भौतिकदृष्ट्या बसतात. पण त्यांच्यावरचा २०५/४५ आर१७ टायर ६१६ मिमीचा, मूळपेक्षा जवळजवळ ७ टक्के मोठा. २०५/४० आर१७ घातला तरी फरक ३ टक्के उरतोच, आणि टायरची भिंत एवढी कमी होते की प्रत्येक खड्डा रिमला आणि तुमच्या पाठीला कळतो. या गाडीला १७ इंच आम्ही सुचवणार नाही. उलट मोकळ्या मनाने विचार करत असाल, तर दुसऱ्या पिढीची (एनबी) १५ × ६ चाके १९५/५० आर१५ टायरांसह पाहा. व्यास ५७६ मिमी, जवळजवळ मूळचाच, आणि १५ इंची चांगल्या टायरांची निवडही मोठी. दिसायला एनडीइतकी ताजी नाहीत, पण चालवायला या गाडीला सगळ्यात जास्त शोभतात.

विकत घेण्याआधी चाक उलटे करून आतला पृष्ठभाग बघा. भेगा बहुधा आतल्या कडेला आणि आऱ्यांच्या मुळाशी पडतात. बाहेरून रंगवलेले चाक चकचकीत दिसते, म्हणून फसू नका. नटांच्या शंकूच्या बैठका गोल आहेत की दाबून लांबट झाल्यात, तेही पाहा. शक्य असेल तर टायर काढून, चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून डायल गेज लावा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त हेलकावा असेल तर ते चाक सोडून द्या. वॉल्व्हच्या मुळाशी हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो तुमच्या गाडीत काहीच कामाचा नाही. काढून साधा रबरी वॉल्व्ह बसवा.

बसवताना घाई नको. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक, मग स्टँड. हबचा चेहरा आणि मधला उंचवटा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, कारण तीस वर्षांचा गंज तिथे पापुद्र्यासारखा बसलेला असतो. उंचवट्याला कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, म्हणजे पुढे चाक अडकून बसणार नाही. स्टडच्या आट्यांना किंवा नटाच्या शंकूला ग्रीस लावू नका, लावल्यास तोच टॉर्क स्टडला प्रमाणाबाहेर ताणतो. मध्यभागाची टोपी लावण्याआधी पुढच्या हबवरची धातूची ग्रीस-टोपी तिला मागून टेकते का तेही पाहून घ्या. टेकत असेल तर पुढच्या चाकाची मधली टोपी जबरदस्तीने ठोकू नका. नट हाताने पूर्ण चढवा, समोरासमोरच्या क्रमाने आवळा, गाडी खाली उतरवा आणि टॉर्क पान्याने ११० न्यूटन-मीटरला नेऊन ठेवा (कंपनीची मर्यादा ८८ ते ११८). पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा एकदा तपासा.

मग मडगार्डच्या आतल्या कडेला खडू लावा, कुणाला तरी शेजारी बसवा, डिकीत वजन भरा आणि मोकळ्या जागेत पुढे-मागे स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. एखाद्या गतिरोधकावरूनही न्या. खडू पुसला गेला तिथे टायर लागतो. पुढे बंपर आणि मडगार्ड जुळतात तो कोपरा आणि मागे मडगार्डची आत वळलेली पट्टी, या दोन जागी मुख्य लक्ष द्या. टायर कुठल्याही भागाला घासत असेल तर एमओटीमध्ये, म्हणजे तुमच्याकडच्या वार्षिक वाहन तपासणीत, गाडी नापास होते. आणि विमा कंपनीला चाके बदलल्याचे आधी कळवा, अपघातानंतर नव्हे.

प्रश्न: मी जर्मनीत आहे. माझी गाडी १९९५ ची एमएक्स-५, १.८. तिसऱ्या पिढीची (एनसी) १७ इंची चाके मला फार आवडतात. पाच नटांची आहेत, पण अडॅप्टर मिळतात असे समजले.
*– एक वाचक, स्टुटगार्ट*

उत्तर: नका करू.

एनसीचा पीसीडी ५ × ११४.३ आणि मधले भोक ६७.१ मिमीचे. चाराचे पाच करायचे म्हणजे स्वतःचे स्टड असलेली जाड प्लेट लागते. गाडीचे मूळ स्टड आणि नट तिच्या पोटात मावले पाहिजेत, म्हणून ती साधारण २५ मिमीपेक्षा पातळ करता येत नाही. एनसीचे चाक १७ × ७, ऑफसेट ५५. त्यातून २५ वजा केले की खरा ऑफसेट उरतो ३०. हिशेब केला तर चाकाची बाहेरची कड साडेपाच इंची मूळ चाकापेक्षा ३४ मिमी बाहेर येते. एनएच्या मागच्या मडगार्डखाली ती राहत नाही. शिवाय ऑफसेट १५ मिमीने बदलल्यामुळे टायरचा मध्य स्टीअरिंगच्या अक्षापासून बाहेर सरकतो, रस्त्यातला प्रत्येक चर हातात जाणवतो, बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि चारही चाकांना धातूच्या जाड प्लेटांचे फिरते वजन चढते. वर एनसीचा टायरही ६१६ मिमीचाच.

जर्मनीत तर आणखी एक अडचण. चाक आणि अडॅप्टर यांचा तुमच्याच गाडीसाठीचा टाइलेगुटआख्टन (हा भाग या गाडीला योग्य असल्याचा तांत्रिक अहवाल) नसेल, तर टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या अभियंत्याकडून स्वतंत्र तपासणी करून कागदपत्रांत नोंद घ्यावी लागते. नोंद न करता चालवली तर गाडीची रस्त्यावरची मान्यताच जाऊ शकते. एनडीच्या चाकांसाठीही तिथे नोंद लागतेच, पण पीसीडी, भोक आणि ऑफसेट सगळे मूळचेच असल्याने अभियंत्याशी बोलणे सोपे जाते. विकत घेण्याआधीच त्याला चाकाचा भाग क्रमांक आणि टायरचे माप घेऊन भेटा, आणि चाकाच्या भारक्षमतेचा कागद लागेल का ते विचारा.

प्रश्न: १९९६ च्या मियाटावर (एमएक्स-५ चे अमेरिकेतले नाव) एनडीची वापरलेली १६ इंची चाके बसवली. गाडीची बाजू भरलेली दिसावी म्हणून मागेपुढे ५ मिमीचे स्पेसर घातले. ५५ मैलांपुढे स्टीअरिंग थरथरते. दोनदा बॅलन्सिंग करून झाले, फरक नाही.
*– एक वाचक, न्यू जर्सी*

उत्तर: आधी स्पेसर काढा. एनएच्या हबचा मधला उंचवटा फार लांब नाही. ५ मिमीची सपाट प्लेट तो जवळजवळ गिळते आणि चाक मध्यावर धरायला फक्त नटांचे शंकू उरतात. नट थोडे वाकडे आवळले गेले की चाक केसभर एका बाजूला बसते, आणि मशीनवर कितीही बॅलन्स केले तरी गाडीवर थरथरते. दुसरे त्याहून गंभीर आहे: दीड मिमी आट्यावर ५ मिमी म्हणजे नटाचे तीनहून जास्त फेरे गेले. एम१२ स्टडवर नट किमान आठ पूर्ण फेरे फिरला पाहिजे. तुमचे फेरे आजच मोजा.

स्पेसर काढूनही थरथर राहिली तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावा. थरथर स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे, आणि बहुधा ती वाकलेली रिम असते. जागची हलली नाही तर हबवरचा गंज, डिस्क, बेअरिंग, टाय रॉड एंड या क्रमाने पाहा.

प्रश्न: पुण्याच्या जुन्या बाजारात अलॉय चाके दिसतात, पण त्यांवरचे आकडे पुसलेले असतात. पीसीडी आणि ऑफसेट जागेवरच कसे मोजायचे?
*– एक वाचक, पुणे*

उत्तर: पोलादी टेप आणि एक सरळ पट्टी एवढे पुरते. चार भोके असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर म्हणजेच पीसीडी. मध्य शोधत बसण्यापेक्षा एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येते. पाच भोकांना समोरासमोरची जोडी नसते, म्हणून शेजारच्या दोन भोकांमधले अंतर घेऊन १.७०१ ने गुणा: ५८.८ मिमी आले तर पीसीडी १००, ६७.२ आले तर ११४.३. चार भोकांत १०० आणि १०८ यांची गल्लत फार होते, म्हणून दोनदा मोजा. १०८ चे चाक १०० च्या हबवर ओढूनताणून बसवले तर नट वाकडे बसतात आणि चालता चालता सुटतात.

ऑफसेटसाठी चाक पालथे ठेवा, आतली बाजू वर. पट्टी रिमच्या दोन कडांवर आडवी ठेवून तिथपासून हबला टेकणाऱ्या सपाट चेहऱ्यापर्यंतची खोली मोजा. मग रिमची एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजा, तिची निम्मी करा आणि खोलीतून वजा करा. एनडीच्या १६ इंची चाकात पूर्ण रुंदी साधारण १९० मिमी भरते आणि खोली १४०: १४० वजा ९५, ऑफसेट ४५. पूर्ण रुंदी ही रिमच्या मापापेक्षा सुमारे एक इंच जास्त येते, कारण माप टायरच्या बैठकीवर धरतात. मधले भोक मात्र टेपने मोजू नका. एक मिलिमीटरची चूकही तिथे महागात पडते, तेव्हा व्हर्निअर कॅलिपर सोबत न्या.