इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये पोर्क रोस्ट आणि सावरक्राउट एकत्र कसे शिजवावे?

किलोभर मांस घ्यायचे असेल तर खांद्याचा, थोडी चरबी असलेला तुकडा निवडावा. तो सॉते मोडवर तांबूस परतून, तळाला चिकटलेला अंश कपभर पाण्याने खरवडून सोडवावा, अन्यथा कुकर तळ करपल्याची सूचना देऊन थांबतो. सावरक्राउट म्हणजे मिठात आंबवलेला कोबी असल्याने वेगळे मीठ घालू नये. निम्मा कोबी मांसावर पसरून उच्च दाबावर ६० मिनिटे शिजवावे, १५ मिनिटे वाफ आपोआप उतरू द्यावी आणि उरलेला कोबी शेवटी मिसळावा, म्हणजे त्याचा आंबटपणा व करकरीतपणा टिकतो. माझ्या मते सारी चव इथेच ठरते. पुण्यात तयार सावरक्राउट न मिळाल्यास चिरलेल्या कोबीला वजनाच्या २ टक्के मीठ चोळून, सुटलेल्या पाण्यातच बुडवून बरणीत आंबवावा. उन्हाळ्यात तो लवकर तयार होतो.