१९९०चं 'विझर्ड ऑफ ऑझ' कार्टून पुस्तकावर आधारलेलं आहे की सिनेमावर?

थेट सिनेमावर, म्हणजे १९३९च्या एमजीएम स्टुडिओच्या चित्रपटावर.

सर्वांत सोपी खूण म्हणजे गोष्टीची नायिका डोरोथी हिचे बूट. एल. फ्रँक बॉमच्या १९००च्या पुस्तकात ते चांदीचे आहेत. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात उठून दिसावेत म्हणून सिनेमात ते माणकासारखे लाल झाले, आणि कार्टूनमध्येही लालच आहेत. दुसरी खूण हिरव्या कातडीची चेटकीण. पुस्तकातल्या चेटकिणीला एकच डोळा आहे, हिरव्या रंगाचा उल्लेखही नाही.

गोष्ट मात्र नवी आहे. उडती माकडं चेटकिणीला पुन्हा जिवंत करतात, डोरोथी आणि तिचा कुत्रा टोटो ऑझ या जादुई देशाला परततात, आणि विझर्डच्या, म्हणजे ऑझच्या जादूगाराच्या, वाऱ्यावर भरकटलेल्या फुग्याचा पाठलाग सुरू होतो. या फुग्यामुळेच मालिका थोडी एकसुरी वाटते: फुगा दिसतो, हाती येता येता निसटतो. पहिले दोन भाग सलग पाहा, ते एकाच कथेचे आहेत.

डिक कंपनीने अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या शनिवार सकाळसाठी एकूण १३ भाग केले. ८ सप्टेंबर १९९०ला सुरू झालेल्या मालिकेला दुसरा हंगाम मिळाला नाही.

शोधताना १९८६च्या जपानी मालिकेशी गल्लत करू नका. ती ५२ भागांची आहे आणि बॉमच्या चार पुस्तकांवर बेतलेली आहे. मुलांना मूळ कथा दाखवायची असेल तर तीच निवडा.