३५.४५ वस्तुमानाचा क्लोरिनचा अणू कुठेच नसतो

अमळनेरच्या बारावीतल्या ताईने विचारलंय: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अर्धे-पाव नसतात, मग क्लोरिनचं अणुवस्तुमान ३५.४५ कसं? आणि इतका बारीक अणू मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, तोलतो तरी कसा? बेटा, हे दोन प्रश्न एकाच गाठीचे आहेत, सोबतच सोडवू.

रावेरकडची केळीची काढणी पाहिली असशील. समज, चार घड एकदम काट्यावर ठेवले आणि ८४ किलो भरले. सरासरी २१. पण त्यात २० किलोचे तीन आणि २४ किलोचा एक असेल, तर २१ किलोचा घड त्या ढिगात नाहीच! क्लोरिनचं तसंच आहे. प्रत्येक अणूत प्रोटॉन १७च, म्हणून तो क्लोरिन. न्यूट्रॉन मात्र कुणात १८, कुणात २०. शंभरातले साधारण ७६ अणू ३५ चे, २४ अणू ३७ चे. हेच समस्थानिक. तराजूवर असंख्य अणू एकदम चढतात, म्हणून त्याला सरासरीच कळते.

आता एकेक जात वेगळी कशी करायची? आमच्या खळ्यावर आजी हाक मारायची, ‘वारा उना!’ (वारा आला!) की सगळे उपणायला उभे. जड दाणा पायाशी पडायचा, भुसा लांब उडायचा. वारा सगळ्यांना एकच, पण हलकं जास्त वाहवतं. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये वाऱ्याच्या जागी चुंबक असतो.

पण चुंबकाला अणूवर पकड हवी, आणि उदासीन अणूवर ती बसत नाही. म्हणून नमुन्याची वाफ करून तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. अणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो आणि धन आयन बनतो. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८३६ वा भाग, त्यामुळे तो गेल्याने वजनात जवळपास फरक पडत नाही. अणूची रचनाच इथे आपल्या मदतीला येते. मग हजारो व्होल्टच्या विद्युत दाबाने सगळ्या आयनांना सारखीच ऊर्जा देतात. चुंबकीय क्षेत्रात शिरल्यावर त्यांचा मार्ग वळतो: हलका आयन लहान वर्तुळात, जड मोठ्या. वर्तुळाची त्रिज्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं की एकेक वस्तुमान शोधकावर येऊन पडतं, आणि यंत्राने काढलेल्या आलेखावर जितके आयन तितकं उंच शिखर उठतं. आत निर्वात ठेवावंच लागतं, नाहीतर हवेच्या रेणूंना धडकून आयन वाटेतच भरकटतील.

खळ्याची उपमा इथे थांबव. वारा दाण्याच्या पृष्ठभागाला ढकलतो, चुंबक प्रभाराला. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन निम्म्या वस्तुमानाच्या जागी दिसतो. म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर नुसतं वस्तुमान नसतं, वस्तुमान भागिले प्रभार असतं. परीक्षेत इथेच गुण जातात.

जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ मध्ये निऑनच्या दोन रेषा दिसल्या, २० आणि २२ च्या. त्यांचे सहायक फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये जास्त अचूक यंत्र बांधलं, त्यांना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तू हिशेब करशील तेव्हा ३५ × ०.७६ + ३७ × ०.२४ = ३५.४८ येईल, ३५.४५ नाही. तुझं चुकलेलं नाही. केंद्रकात कण बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान घटतं. अणूंची खरी वस्तुमानं ३४.९७ आणि ३६.९७ आहेत. ती घालून बघ, ३५.४५ येतं. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते, आणि वर्गात तिला दोन मिनिटंही मिळत नाहीत.

क्लोरिन वायूचा आलेख आला तर ३५ आणि ३७ शिवाय ७०, ७२, ७४ ला अखंड रेणूची शिखरं दिसतील, उंची ९:६:१. अणू तीनास एक या प्रमाणात असतील तर जोड्या कशा पडतील ते मांड, म्हणजे ९:६:१ आपोआप निघेल. मग ब्रोमीन घे: ७९ आणि ८१, जवळपास निम्मे-निम्मे. त्याच्या रेणूची तीन शिखरं कुठे आणि किती उंच, ते काढून इथेच लिही. मी तपासून देतो.